रुपया टांकसाळीतच चुकला, की आपल्याकडं आल्यावर दुखावला?



आज पिकावर नाही, रुपयावर लिहितो. चांदीच्या जुन्या रुपयावर. बोंडअळीच्या अन् पिवळ्या पानांच्या फोटोंसोबत हल्ली माझ्याकडं नाण्यांचेही फोटो येऊ लागले. कोणाचं आजीच्या डब्यात निघालेलं, कोणाला वखरणी करताना धुऱ्याजवळ सापडलेलं. प्रश्न सगळ्यांचा एकच : "भाऊ, याच्यात फॉल्ट हाय. मोबाइलवर सांगतेत का फॉल्टवाल्या रुपयाचे लाख भेटतेत. खरं हाय काय?"

याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. दोष दोन जातीचे असतात. एक टांकसाळीत, नाणं तयार होतानाच झालेला. दुसरा टांकसाळीच्या दाराबाहेर पडल्यावर, म्हणजे बाजारात, सोनाराकडं, गळ्यातल्या हारात, चुलीत नाहीतर नांगराखाली झालेला. पहिल्याला संग्राहक पैसे मोजतात. दुसऱ्यानं नाण्याची किंमत उलट कमी होते. आणि दोन्ही दोष वरवर पाहिले तर सारखेच दिसतात.

यात कास्तकाराचं नुकसान दोन बाजूंनी होतं. कोणी छिद्र पडलेला रुपया लाखाचा समजून फसवणाऱ्याच्या हाती लागतो. आणि कोणी खरोखर दुर्मिळ चुकीचा रुपया "हा तर खराब आहे" म्हणून सोनाराच्या मुशीत टाकतो. वितळला की संपलं, तो परत येत नाही.

पान पिवळं पडलं की आपण लगेच फवारणी काढत नाही. आधी पाहतो, पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून चढला की शेंड्याच्या नव्या पानात आला. खालून असेल तर नत्राकडं पाहतो, वरून असेल तर लोहाकडं. लक्षण तेच, पण सुरुवात कुठून झाली त्यावर निदान ठरतं. नाण्याचंही तसंच आहे. ते कसं बनलं हे माहीत असलं की कोणता दोष बनताना होऊ शकतो आणि कोणता होऊच शकत नाही, हे आपोआप कळतं.

वऱ्हाडात हे रुपये आले कुठून

आपल्याकडं निघणारे चांदीचे रुपये मुख्यतः तीन घरचे.

पहिले मुघल आणि नंतर निजामाच्या काळातले, हातानं ठोकलेले. १५९६ मध्ये वऱ्हाड मुघलांकडं गेलं. आजचं अचलपूर, म्हणजे तेव्हाचं एलिचपूर, हे सुभ्याचं मोठं ठाणं. तिथं टांकसाळ होती आणि 'एलिचपूर' हे नाव फारसी अक्षरांत नाण्यावर येत होतं. आपल्या जिल्ह्यात पाडलेला रुपया, ही साधी गोष्ट नाही. पूर्वेकडून नागपूरकर भोसल्यांच्या मुलखातले रुपयेही इकडं येत.

दुसरे इंग्रजांचे, यंत्रावर पाडलेले. १८३५ च्या कायद्यानं कंपनी सरकारनं आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला : वजन १८० ग्रेन म्हणजे एक तोळा, आजच्या मापात ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. हा रुपया कलकत्ता, मद्रास आणि मुंबईच्या टांकसाळींत पडायचा. मद्रासची १८६९ मध्ये बंद झाली, पुढं कलकत्ता आणि मुंबई राहिल्या.

१८५३ मध्ये निजामानं वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडं सोपवला. त्यानंतर आठच वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, १८६१ ते १८६५. तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाची गरज पडली. वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. कापूस मुंबईकडं गेला आणि चांदीचा रुपया गावात आला. बँक नव्हती. रुपया गाडग्यात पुरला गेला, डब्यात ठेवला गेला, नाहीतर बाईच्या गळ्यात गेला. म्हणून आपल्या घरांत '१८६२' लिहिलेला राणीचा रुपया इतका सापडतो. त्याच्या तारखेची गंमत पुढं सांगतो.

तिसरा हैदराबादचा हाली सिक्का. वाशिम, बुलढाण्याच्या पलीकडं निजामाचं राज्य सुरूच होतं. बाजारहाट, सोयरीक, बैलबाजार यांतून तो इकडं यायचा. चारमिनारचं चित्र असलेला यंत्रावरचा हाली रुपया सुमारे ११.१८ ग्रॅमचा आणि चांदी ८१.८ टक्के. काट्यावर इंग्रजी रुपयापेक्षा हलका भरतो. "याची चांदी कोणी खरवडली काय?" असं विचारणारा फोटो आला होता. नाही बाप्पा, तो मुळातच तेवढा.

हातानं ठोकलेला रुपया : अर्धं नाव म्हणजे चूक नाही

जुन्या पद्धतीत चांदीचा तुकडा वजनाला बरोबर करून खालच्या ठशावर ठेवायचे, वर दुसरा ठसा धरायचे आणि हातोडा मारायचे. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान असायची. त्यामुळं ठशावरचा सगळा मजकूर नाण्यावर कधी मावायचाच नाही. एका रुपयावर बादशहाच्या नावाचा मधला भाग येई, दुसऱ्यावर टांकसाळीचं अर्धं नाव, तिसऱ्यावर सालाचा एकच आकडा.

म्हणून एलिचपूरच्या किंवा कोणत्याही ठोकलेल्या रुपयावर छाप एका बाजूला सरकलेला दिसला, अक्षरं काठाबाहेर गेलेली दिसली, काठ वाकडातिकडा दिसला, तर ती चूक नाही. ती त्या पद्धतीची चाल आहे. उलट ज्या नाण्यावर टांकसाळीचं नाव आणि साल पूर्ण आलं, ते संग्राहकाला जास्त हवं असतं. हातोड्याचे दोन घाव पडून अक्षरं दुहेरी दिसणं हेही या नाण्यांत नेहमीचंच.

या नाण्यांवर बारीक ठोकलेल्या खुणा दिसतात : फूल, चांदणी, ठिपका, अक्षर. त्या सराफांच्या. नाणं तपासून खरं असल्याची खूण म्हणून ते असा शिक्का मारायचे. काठाला छिन्नीचा छोटा घाव असेल तर आत तांबं तर नाही ना, हे पाहण्यासाठी तो घातलेला. या खुणा टांकसाळीच्या नव्हेत, पण इतिहासाच्या आहेत. त्या घासून काढू नका.

यंत्राचा रुपया : आधी तो बनतो कसा ते समजून घ्या

चांदीचा रस ओतून पट्टी करतात, पट्टी लाटून सारख्या जाडीची करतात. तिच्यातून गोल चकत्या कापतात. चकतीचा काठ दाबून थोडा उचलतात. मग चकती एका घट्ट गोल कड्यात बसते, खाली एक ठसा, वर एक ठसा, आणि यंत्राचा एकच दाब. दोन्ही बाजू एकाच क्षणी उमटतात. कड्याच्या आतल्या दात्यांमुळं नाण्याच्या कडेला दाते येतात.

या चार पायऱ्या डोक्यात ठेवा : पट्टी, चकती, ठसा, दाब. खरी चूक या चारपैकी एका पायरीवरच झालेली असते. जो दोष या पायऱ्यांत कुठंच बसत नाही, तो बाहेरचा.

उंच की खोल?

पहिली तपासणी ही. नाण्यावर एक रेघ आहे. भिंगातून पाहा, बोटाच्या नखानं हलकेच चाचपा. रेघ वर आलेली आहे की आत गेलेली?

ठशाला तडा गेला की तडा म्हणजे खोल फट. दाबाखाली चांदी त्या फटीत शिरते आणि नाण्यावर उंच रेघ येते. बहुतेक वेळा ती काठापासून निघून अक्षरांमधून जाते. ही टांकसाळीची. ठशाचा तुकडाच उडाला असेल तर नाण्यावर त्या जागी गुळगुळीत उंच फुगा येतो, चित्र नसतं.

आत गेलेली रेघ म्हणजे बहुतेक वेळा ओरखडा. ओरखड्याच्या दोन्ही कडांना ढकललेली चांदी बारीक वरंब्यासारखी उठलेली दिसते. सरी पाडताना माती दोन्ही बाजूंना जाते तशीच. हा वरंबा दिसला की दोष बाहेरचा.

याला एक अपवाद आहे. कधी ठसा आणि चकतीच्या मधे दोरा, तार नाहीतर धातूचा कण सापडतो आणि त्याची खोल छाप नाण्यावर राहते. ती टांकसाळीचीच. पण तिथं कडेला वरंबा नसतो, कारण चांदी बाजूला ढकलली गेली नाही, सपाट दाबली गेली.

अक्षर गायब आहे

ठशातल्या एखाद्या अक्षरात तेल आणि धूळ भरून बसली तर ते अक्षर उमटत नाही किंवा फिकट उमटतं. शेजारची अक्षरं मात्र ठसठशीत असतात. ही खरी, पण किरकोळ चूक, भाव फारसा नाही. झिजलेल्या नाण्यात तसं नसतं. झीज आधी उंच भागावर येते : राणीचा गाल, केस, राजाचा कान, मुकुट. मग हळूहळू सगळीकडं. एकाच जागी अक्षरं गेली आणि तिथली चांदी चकाकते, तर ती कानशीनं घासलेली.

काठाचा तुकडा नाही

पट्टीतून चकती कापताना पट्टी पुरेशी पुढं सरकली नाही, तर नवी चकती आधीच्या छिद्रावर थोडी चढते. मग चकतीला चंद्रकोरीसारखा खाचा पडतो. पोळी वाटीनं कापताना वाटी आधीच्या छिद्रावर गेली की होतं तेच.

खरं कसं ओळखायचं? खाच्याच्या बरोबर समोरचा काठ पाहा. काठ उचलताना खाच्यामुळं समोरून दाब मिळत नाही, म्हणून समोरचा काठही बहुधा फिकट, चपटा राहतो. आणि खाच्याजवळची अक्षरं त्या बाजूला थोडी ताणलेली, पसरलेली दिसतात. कात्रीनं किंवा छिन्नीनं कापलेल्या रुपयात समोरचा काठ शाबूत असतो, अक्षरं सरळ चिरलेली असतात आणि कापलेल्या कडेवर हत्याराच्या रेषा असतात. आधी कापून मग ठसा मारणं आणि आधी ठसा मारून मग कापणं, फरक इतकाच.

लाखी : दोन्हीकडं राजा

ज्याला बाजारात 'लाखी' म्हणतात तो हा दोष. पाडलेला रुपया खाली पडायच्या ऐवजी वरच्या ठशाला चिकटून राहतो. पुढची चकती आली की तिच्या एका बाजूला ठशाची छाप बसते, तर दुसऱ्या बाजूला त्या चिकटलेल्या रुपयाची. म्हणून एका बाजूला राजा नेहमीसारखा उंच, आणि मागं तोच राजा आत गेलेला, आरशातल्यासारखा उलटा. ही चूक खरी आणि संग्राहकांना हवी असलेली.

म्हणूनच नकलाही हिच्याच. दोन रुपये एकावर एक ठेवून पान्ह्यात दाबतात किंवा हातोडा मारतात. मग एकाची छाप दुसऱ्यावर खोल बसते. पण खोटेपणा लपत नाही. खऱ्या लाखीत त्या बाजूला मूळ चित्र नसतंच, कारण त्या चकतीला तिकडून ठसा लागलेलाच नसतो. नकलेत खोल छापीखाली मूळ चित्राचे अवशेष राहतात, आणि दुसरी बाजू दाबानं चपटी होते.

छाप सरकलेला, दुहेरी, फिरलेला

यंत्राच्या रुपयात चकती कड्यात नीट बसली नाही तर छाप सरकतो. एका बाजूला कोऱ्या चांदीची कोर राहते आणि तिथल्या कडेला दाते नसतात. मागच्या बाजूलाही कोरी जागा त्याच ठिकाणी यायला हवी. एकाच बाजूला असेल तर शंका घ्या.

दुहेरी अक्षरांत नाणं दोनदा दाबलं गेलं असेल तर दोन्ही अक्षरं गोलसर, पूर्ण उंचीची दिसतात. ठसा नुसता हलला असेल तर दुसरं अक्षर पायरीसारखं चपटं दिसतं. ते टांकसाळीतच झालेलं, पण त्याला कोणी विचारत नाही.

फिरलेल्या ठशाचा दोष मात्र बाहेर सहजासहजी करता येत नाही. एडवर्ड किंवा पाचव्या जॉर्जचा रुपया राजा सरळ ठेवून वहीचं पान उलटतो तसा उलटा. मागची बाजूही सरळ दिसायला हवी. तिरकी किंवा पूर्ण उलटी दिसली तर ठसा फिरलेला होता. घरातले रुपये आज असे उलटून पाहा, पैसा लागत नाही.

जे दोष वाटतं, पण नाही

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो.

१८६२ च्या रुपयावर सालाच्या आसपास बारीक ठिपके असतात. दोष नाही. १८६२ हे साल ठशावर कायम ठेवून १८७४ च्या सुमारापर्यंत रुपये पाडले गेले. नेमका कोणत्या वर्षीचा हे टांकसाळीला कळावं म्हणून मुंबईनं ठिपके घातले. म्हणजे १८६२ लिहिलेला रुपया त्यानंतर दहा वर्षांनीही पडलेला असू शकतो. तुमच्या पणज्याच्या कापसाचा रुपया कोणत्या वर्षीचा, हे सालापेक्षा ठिपकेच जास्त सांगतात.

पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मागं खालच्या फुलाखाली एक ठिपका असतो. ती मुंबई टांकसाळीची खूण. कलकत्त्याच्या रुपयावर तो नसतो.

१९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली. रुपये परत घेतले आणि १९१२ पासून चित्र सुधारलं. पण ही चूक चित्र काढणाऱ्याची. १९११ च्या प्रत्येक रुपयावर तोच हत्ती आहे. तो रुपया हवाहवासा आहे, पण 'फॉल्ट' म्हणून नाही, कमी उरल्यामुळं.

१९४० पासून रुपयातली चांदी निम्मी केली. त्यामुळं १९४० ते १९४५ चा रुपया वजनाला तोळाभरच, पण त्यात चांदी सुमारे ५.८ ग्रॅम, जुन्या रुपयात १०.७. हा रुपया झिजला की वेगळाच पिवळट-करडा रंग देतो. दोष नाही, धातूच वेगळा. सोनाराकडं जाताना हे साल आधी पाहा.

बाहेरच्या जखमा

आता आपल्याकडं सर्वांत जास्त दिसणारी गोष्ट. वरच्या काठाजवळ छिद्र, किंवा झाळलेली कडी, किंवा कडी काढल्यावर उरलेला खडबडीत डाग. हे रुपयांच्या हाराचे. आपल्या बाया आणि तांड्यावरच्या बंजारा बाया रुपये गळ्यात, कपड्यावर वागवत. वाईट वर्षी त्यातला एकेक सुटून सावकाराकडं जायचा. मागची बाजू जास्त झिजलेली आणि पुढची बरी असेल, तर तो रुपया वर्षानुवर्षं अंगाला घासला आहे. याला बाजारात भाव कमी. पण घरच्या इतिहासाचा पुरावा म्हणून याच्याइतका बोलका रुपया दुसरा नाही.

आगीत सापडलेल्या रुपयावर फोड येतात, अक्षरं वितळल्यासारखी मऊ होतात. नांगराच्या फाळानं वाकलेला रुपया दोन्ही बाजूंनी एकाच रेषेत वाकतो. चांदीला गंधक लागलं की ती काळी पडते, हे गंधकाची भुकटी हाताळणाऱ्यांना माहीत आहे. तो काळेपणा दोषही नाही, घाणही नाही. चिंच, रिठा, राख, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका. साध्या पाण्यात ठेवून माती सुटू द्या, मऊ कापडावर टिपा, बस. चोळल्यानं बारीक ओरखड्यांचं जाळं पडतं आणि खऱ्या चुकीचा पुरावाही पुसला जातो.

मग करायचं काय

सोनाराकडं मोडायला नेण्याआधी प्रत्येक रुपया वजन करा. दोन्ही बाजूंचा आणि कडेचा असे तीन फोटो काढा, कडेकडून उजेड देऊन. उंच-खोल, समोरचा काठ, मागची बाजू, दाते, या चार गोष्टी पाहा. शंका राहिली तर वितळवू नका, ठेवून द्या. चांदी कुजत नाही.

"तुमचा रुपया दहा लाखाला घेतो, आधी नोंदणी फी भरा" असं सांगणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. जुनी नाणी विकत घेण्याच्या नावाखाली रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून फी मागितली जाते, आम्ही असे व्यवहार करत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे. खरा घेणारा तुमच्याकडून पैसे मागत नाही, देतो.

आणि वावरात गाडगं सापडलं तर ते डब्यातल्या रुपयासारखं नाही. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत लपवलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. कळवलं तर सापडणाऱ्याला आणि जमिनीच्या मालकाला कायद्यानं वाटा आहे. लपवलं तर वाटा जातो आणि शिक्षाही आहे. शिवाय गाडगं जसंच्या तसं पोचलं तर कोणत्या काळात, कोणत्या टांकसाळीचे रुपये आपल्या गावात एकत्र फिरत होते, हे कळतं. दहा जणांत वाटून मोडलं की ते कायमचं गेलं.

फोटो पाठवताना वजन आणि कडेचा फोटो जरूर पाठवा, नुसत्या राजाच्या तोंडावरून निदान होत नाही.

पुढची पोस्ट हरभऱ्याच्या मर रोगावर. राम राम.